बाग गेली तेव्हा पांडुरंग कुठं होता?

तासगावचा माळकरी:
गळ्यात माळ आहे, त्यामुळं हे विचारायला संकोच वाटतो. तरी विचारतो.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी वेळेत झाली होती. डावणी रोगातून बाग कशीबशी सोडवली, मण्यात पाणी भरलं, गोडी उतरली. व्यापारी येऊन बघून गेला आणि लगेच अवकाळी आला. मणी तडकले, बागेत आंबूस वास सुटला. राहिलेला माल बेदाण्याला घातला, तर शेडवर ऊन नाही. बेदाणा काळा पडला.

मागं एका हंगामाला दर चांगला लागला होता. तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "पांडुरंगानं दिलं." मेहुण्यानं आता नेमकं तेच पकडलंय. "दाजी, दिलं ते पांडुरंगानं, मग नेलं कुणी?"

मेहुण्याचं काही नाही, तो सोसायटीच्या निवडणुकीतही असंच बोलतो. माझी अडचण वेगळी आहे. आधी नुसतं रामकृष्णहरि म्हटलं तरी कुणीतरी शेजारी येऊन बसल्यागत वाटायचं. आता हरिपाठ रोज होतो, तोंड चालतं, आत काही हलत नाही. बाग पिकली की तो जवळ आणि पडली की लांब, असं असेल तर मग माझी भक्ती त्याच्यावर होती का दरावर?

"कर्माचे भोग" आणि "देव परीक्षा बघतो" ही उत्तरं नकोत. ती गावात फुकट मिळतात.

मंगळवेढेकर:
रामकृष्णहरि माउली. मेहुण्याचा प्रश्न जुना आहे. १६३०च्या दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, थोरली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. बायकोचं तर त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. आणि त्याच अभंगात पुढं येतं की देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. दिवाळं निघालेला वाणी देऊळ दुरुस्त करायला काढतो! देहूत लोक काय बोलले असतील, तुमच्या मेहुण्यावरून अंदाज करा.

म्हणून तुकोबा कायम शांत होते असं मात्र समजू नका. माझ्या लेखी देव मेला, असंही तेच म्हणून गेलेत. पण मेलेल्याशी इतकं कोण भांडतं? जनाबाईनं तर विठोबाला शिव्या घातल्या आणि आम्ही त्या टाळ-मृदंगावर म्हणतो. तेव्हा आत काही हलत नसेल तर तेच त्याला सांगा. हरिपाठ झाला की चार शब्द तुमच्या पदरचे, रागाचे असले तरी चालतील.

आमच्या गावची एक गोष्ट सांगतो. चोखोबा इथले. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. साल १३३८ सांगतात. ज्यानं जन्मभर विठ्ठलाचं नाव घेतलं आणि ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याला मरण आलं ते असं. पुढं नामदेव ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून बघत होते, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. पंढरपुरात महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ त्यांची समाधी आहे.

कथा माना न माना. पण मला एक गोष्ट फार वर्षं खुपत आली आहे. ज्यांनी ही कथा सांगितली, त्यांना विठ्ठलाकडून ती भिंत अडवून धरता आली असती. कथेत काय, काहीही करता येतं. त्यांनी भिंत पडू दिली आणि नाव हाडांत ठेवलं. वारकऱ्यांना देवाची सोबत म्हणजे काय वाटत होतं, ते मला तिथं कळतं.

निफाडचा:
बुवांचं सगळं मान्य. पण पाऊस अडवायला बागेवर प्लास्टिक आच्छादनाचाही विचार करा. खर्चिक आहे, निदान एखाद्या प्लॉटवर तरी. पांडुरंगाची हरकत नसावी.

परिचारिका, सोलापूर:
मी माळ घातलेली नाही, घरी सासूबाईंची आहे. २०२०ची आषाढी १ जुलैला होती. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या ते वर्ष. माझी ड्युटी कोविड वॉर्डात होती. शेजारशेजारच्या खाटांवर दोन म्हातारे वारकरी होते. माळा, बुक्का सगळं नातेवाइकांकडे, खाली. दोघं बोटांच्या पेरांवर नाम मोजायचे. एकाचा मास्क सारखा सरकायचा, कारण ओठ थांबायचे नाहीत, आणि मी त्यांना रागवायची.

त्यातले एक घरी गेले, एक गेले नाहीत.

घरी गेलेल्यांना मी म्हटलं, "बाबा, विठ्ठलानं वाचवलं." ते म्हणाले, "असं नको म्हणूस बाई. मग शेजारच्याचं काय?" तुमच्या मेहुण्याला हे सांगून बघा.

तासगावचा माळकरी:
ताई, तुमचं लिहिणं घरात मोठ्यानं वाचलं. "पांडुरंगानं दिलं" हे आता माझ्याच्यानं म्हणवणार नाही, दर लागला तरी. मग दर लागल्यावर काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.

बुवा, काल हरिपाठानंतर त्याला बोललो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारी कुणी बसल्यागत वाटलं का म्हणाल, तर नाही. पण बोलताना भिंतीशी बोलतोय असंही वाटलं नाही.

निफाडकर, आच्छादनाचं कोटेशन मागवलंय. खरड छाटणी उरकली की वारीच्या आधी ठरवतो. मेहुणा जामीन राहतो म्हणालाय.