मदत हवी आहे: मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल तळाला बसतायत

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एमएससी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट आहे लिव्हर कॅन्सरचं औषध चुंबकाच्या मदतीनं गाठीपर्यंत नेण्यावर. त्यासाठी आयर्न ऑक्साइडचे कण कोप्रेसिपिटेशननं (दोन क्षारांच्या द्रावणातून एकत्रच घन कण पाडायची पद्धत) करतेय, फेरिक आणि फेरस क्लोराइड २:१, ८० डिग्रीला अमोनिया टाकला की क्षणात सगळं काळंभोर होतं आणि बाटलीला चुंबक लावला की एका बाजूला सरकत जातं, ते बघताना लई भारी वाटतं. पण दोन दिवसांत रंग तांबूस होतो आणि चहाच्या चोथ्यासारखं तळाला बसतंय. हवा दूर ठेवायला नायट्रोजन मिळाला नाही म्हणून उघड्यावरच केलं, म्हणजे मॅग्नेटाइट (काळं आयर्न ऑक्साइड) ऑक्सिडाइज होऊन मॅगहेमाइट (तांबूस आयर्न ऑक्साइड) होत असणार.

आता कणांवर कायटोसनचं (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) कोटिंग करायचंय, ते अमोनियाच्या आधीच मिसळू की कण धुऊन झाल्यावर? डॉक्सोरुबिसिन (कणांवर चढवायचं कॅन्सरचं औषध) महाग आहे, थोडंच मिळालंय, वाया घालवायचं नाही.

दुसरं म्हणजे लिव्हरमधल्या कुफर पेशी (रक्तातला कचरा साफ करणाऱ्या) असे कण आपोआपच गिळतात, म्हणजे औषध लिव्हरला पोचलं तरी गाठीला पोचलं असं होत नाही ना. गाठीला रक्त मुख्यतः हिपॅटिक आर्टरीतून (लिव्हरला रक्त नेणारी धमनी) जातं, मग तिथूनच कण सोडायचे हे बरोबर का?

माझा मामा याच आजारानं गेला, केमोनंतर तांबडा रस्सा समोर ठेवला तरी घास उतरायचा नाही. म्हणून हे नीट करायचंय. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, रात्री उशिरा पण चालेल.