रोटरी इंजिनाच्या, घरी बांधलेल्या विमानाला सायलेन्सर हवाच का?

सड्यावरचा
माझं मत सरळ आहे. माझदाच्या गाडीचं १३बी हे रोटरी इंजिन विमानात बसवून उघड्या पाइपने उडवणं म्हणजे अर्धवट काम. या इंजिनात एक्झॉस्टला व्हॉल्व्हच नाही. पिस्टनवाल्यात व्हॉल्व्ह हळूहळू उचलला जातो. इथे रोटरचं (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी तुकड्याचं) टोक पोर्टवरून, म्हणजे गॅस बाहेर पडायच्या भोकावरून, सरकलं की आत दाब शिल्लक असतानाच दार सताड उघडतं. दोन रोटर, शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २००. हा आवाज घुमत नाही, कान फाडतो. कोकणात धावपट्टी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, आणि वाड्या उतारावर. दुपारचा समुद्रवारा सगळा आवाज पूर्वेकडच्या घरांवर नेऊन टाकतो. सायलेन्सर लावा, विषय संपला.

पंखेवाला
संपला कसा? कुठला सायलेन्सर ते तरी सांगा. गॅस ९०० अंशांच्या आसपास आणि वरही. आत भरलेली ग्लासवूल ८५० ला मऊ पडते, ठोक्यांनी भुगा होऊन मागून उडून जाते, उरतो पोकळ डबा. बॅफलचा, म्हणजे आत आडवे पत्रे असलेला, घेतलात तर वेल्डिंगच्या कडेला तडा जातो, पत्रा सुटतो आणि नेमका बाहेरच्या तोंडाशी आडवा बसतो. टेकऑफला ताकद गेली, पुढे सडा संपलेला, खाली दरी. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी एवढं?

सड्यावरचा
म्हणून बॅफल नको आणि वूलही नको. आरपार भोकांचा पाइप, भोवती रिकामा डबा. सुटण्यासारखं आत काहीच नाही. शिवाय बाजूला एक बंद टोकाची नळी. तिची लांबी तरंगाच्या चौथ्या हिश्शाएवढी धरायची. बंद नळीतला गॅस मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, ४०० अंश धरले तर ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५२० मीटर, म्हणजे २०० हर्ट्झला ६५ सेंटिमीटर. ८५० अंश धरून ८४ सेंटिमीटरची कापलीत तर ती भलत्याच आरपीएमला लागेल. जरा लांब ठेवा, मग थोडी थोडी कापत या.

पंखेवाला
आकडा मान्य. पण ती नळी २०० आणि ६०० खाते, मधला ४०० तसाच राहतो. आणि क्रूझला (सरळ उड्डाणाला) जुळवलीत तर क्लाइंबला (वर चढताना) चुकते, वाडीवरून जाताना तर आपण क्लाइंबमध्येच असतो! त्यापेक्षा पंखा (प्रॉपेलर) बघा. ६८ इंची पंखा, इंजिनाचे फेरे २.१७ पट कमी करणारा गिअरबॉक्स, ६००० आरपीएम: टोकाचा वेग सेकंदाला २५० मीटर. तोच २.८५ ला १९० मीटर. फरक जमिनीवरून ऐकू येतो. पंखा आणि पाइप सारखेच बोंबलत असतील तर पाइपचा आवाज पूर्ण बंद करूनही फक्त ३ डेसिबल कमी होतात.

सड्यावरचा
सारखे असतील तर ना! २.८५ लावून पंखा शांत केलात की पाइप एकटाच वर येतो. तुमच्याच हिशेबाने सायलेन्सर लागणार.

माडाखाली
होडीक सायलेन्सर नसता तेवा कोण काय बोलता? विमानाकच कित्याक?

बाजूचा पोर्ट
दोघेही जुन्या १३बी वर भांडताय. माझदाच्याच आरएक्स-८ गाडीचं रेनेसिस इंजिन घ्या, एक्झॉस्ट पोर्ट परिघावर नाही, बाजूच्या भिंतीत. ठोका मुळातच बोथट. फक्त मधला पोर्ट दोन्ही रोटरना सामाईक, तो जास्त तापतो, तिथल्या पाइपकडे लक्ष ठेवा. टर्बोही चांगला सायलेन्सर असतो, एक्झॉस्टच्या गॅसने फिरणारी त्याची टर्बाइन ठोक्यातली ऊर्जा खाते. वजन मात्र डब्यापेक्षा जास्त.

पंखेवाला
डबा लावायचाच तर स्टेनलेस स्टीलचा पत्रा ३०४ चा नको, ३२१ घ्या. ३०४ च्या वेल्डिंगशेजारी उष्णतेने कार्बाइड साचतं, त्याच रेषेवर खारी हवा चावते. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बन धरून ठेवतं. तापल्यावर पाइप मीटरला दीड सेंटिमीटर वाढतो, तेव्हा दोन्ही टोकं आवळू नका. एका बाजूला स्लिप जॉइंट (सरकता सांधा), आणि डब्याचं वजन इंजिनावरच टांगा, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) नाही. उभं असताना तोंडाला टोपी, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचून खालची शिवण आधी जाते.

सड्यावरचा
टोपीला लाल फडकं बांधा, उडताना राहून जायला नको. आणि दर २५ तासांनी थंड डब्यावर लाकडी हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, तो उतरवा.

पंखेवाला
२५ नाही, पहिले ५० तास दर १० ला.