मदत हवी आहे: आंबवलेलं खाद्य – धान्य छान आंबतं, लेयर मॅश मात्र सडतो

नमस्कार मंडळी,

परसात कोंबड्या पाळणाऱ्या आणि त्यांना आंबवलेलं खाद्य घालणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न दोन आहेत. दुसरा जास्त काळजीचा आहे, त्यामुळे निदान तो तरी वाचाच.

माझी पद्धत अशी. गहू, जव आणि भरडलेला मका काचेच्या मोठ्या बरणीत घेते. दाणे फुगतात हे धरून वर चार बोटं राहील इतकं पाणी ओतते. नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं ठेवलेलं असतं, क्लोरीन उडून जावा म्हणून. झाकण सैल ठेवते, सकाळ-संध्याकाळ तळापासून ढवळते. मीठ अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, तिसऱ्या दिवशी स्वच्छ आंबूस वास सुटतो. कोंबड्या अक्षरशः तुटून पडतात. कोरडं खाद्य चोचीने उडवून त्या निम्मं मातीत घालवायच्या, ती नासाडीही थांबली.

पण नुसत्या धान्यावर अंडी देणारी कोंबडी टिकणार नाही, हे मला माहीत आहे. गहू-मक्यात प्रथिनं साधारण ८ ते १३ टक्के, तिला १६ टक्क्यांच्या आसपास लागतात. कॅल्शियम तर धान्यात नसल्यातच जमा. म्हणून लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार दळलेलं खाद्य, आंबवायला घेतला. बरणी तशीच, पाणी तेच, जागाही तीच. आणि वास आला तो कुजका! आंबट नव्हेच, मांस नासल्यावर येतो तसला. वर करडा फेस, बुरशी मात्र कुठेच नाही. पीएच पट्टी बुडवून पाहिली (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). धान्याच्या बरणीत ४ च्या आसपास, मॅशच्या बरणीत साडेपाचच्या वर. आणखी ठेवून पाहिलं तरी खाली यायचं नाव नाही. अर्थात हा मॅश कोंबड्यांना घातला नाही, फेकून दिला. पोत्यातला कोरडा मॅश मात्र वासाला ताजा आहे आणि त्या आवडीने खातात. मग पाण्यात पडल्यावर त्याला होतं काय?

दुसरा प्रश्न. एका तांबूस कोंबडीची गळ्याखालची अन्नपिशवी सकाळी रिकामी नसते. हाताला मऊ, पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागते. तोंडाला आंबट वास येतो. बाकीच्या ठणठणीत आहेत. हे आंबवलेल्या खाद्यामुळे झालं असेल का? चालू ठेवू की बंद करू? ती रात्री दांडीवर सगळ्यांपासून वेगळी, अंग फुगवून बसते. बघवत नाही.

प्रतिसाद

ताई, तुमची पद्धत चोख आहे. घोटाळा मॅशमधल्या चुनखडीचा आहे.

लेयर मॅशमध्ये कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के ठेवतात आणि ते मुख्यतः चुनखडीच्या भुकटीतून येतं. चुनखडीत कॅल्शियम ४० टक्केच असतं, म्हणजे किलोभर मॅशमध्ये ८० ते १०० ग्रॅम चुनखडी आलीच. आंबताना लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि ही चुनखडी ते तिथल्या तिथे मारून टाकते. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तुमचा फेस बराचसा त्याचाच. पीएच साडेचारच्या खाली उतरतच नाही. खाद्य सुरक्षित होतं ते याच उतारामुळे. साल्मोनेला आणि कोलिफॉर्म जातीचे जिवाणू आम्लात मागे पडतात, पण तुमच्या बरणीत त्यांना रान मोकळं मिळालं.

सडका वासही त्यांचाच. तयार खाद्यात बऱ्याचदा वरून लायसिन हा प्रथिनांतला घटक घातलेला असतो. हे जिवाणू तो मोडून कॅडाव्हरिन बनवतात आणि त्याला प्रेतासारखी दुर्गंधी असते. वास बाजूला ठेवला तरी प्रथिनांतला मोलाचा भागही त्यात जातो. फेकलंत ते बरं केलंत.

खात्री करायची तर चमचाभर कोरड्या मॅशवर व्हिनेगर टाका. फसफसला तर चुनखडी दिसलीच म्हणून समजा.

उपाय सोपा आहे. ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या तलंगांसाठीचं खाद्य, आंबवा; त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपासच असतं. प्रथिनं किती ते पोत्यावरच्या चिठ्ठीवर बघून घ्या. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, ज्या कोंबडीला जेवढा हवा तेवढा ती खाते. पहिल्या वेळी धान्याच्या बरणीतलं वाटीभर आंबट पाणी विरजण म्हणून घाला, पीएच लवकर उतरतो. कोंबड्यांना घालताना वरचं पाणी ओतून देऊ नका, विरघळलेली जीवनसत्त्वं त्यातच असतात. प्रथिनं वाढवायला कच्चे सोयाबीन किंवा राजमा मात्र आंबवू नका. त्यातले अपायकारक घटक जायला उष्णताच लागते, नुसत्या आंबवण्यावर भरवसा ठेवता येत नाही. कुबट वासाच्या, बुरशी लागलेल्या धान्याचंही तेच, आंबवून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष जात नाही.

धागाकर्ती

व्हिनेगर टाकून पाहिलं, चांगलंच फसफसलं! धान्यावर काहीच झालं नाही. मनापासून आभार. विरजणाऐवजी ॲपल सायडर व्हिनेगर चालेल का? आणि त्या कोंबडीबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद

व्हिनेगरमधल्या जिवाणूंना हवा लागते. पाण्याखाली बुडालेल्या दाण्यांत त्यांचं काम नाही, जुनं आंबट पाणीच बरं.

आता कोंबडीचं. आंबट खाद्य खाल्लेल्या कोंबडीच्या तोंडाला थोडा वास येतोच, त्यामुळे एकट्या वासावर जाऊ नका. पिशवी रात्रीतून रिकामी होते की नाही, हे महत्त्वाचं. संध्याकाळी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, खाद्य नको, पाणी भरपूर. पहाटे, काही खायच्या आत पिशवी चाचपा. भांडं खुराड्यातच असेल तर कोंबड्या उजाडताच खातात आणि आपण तपासेपर्यंत पिशवी पुन्हा भरलेली असते.

तरीही भरलेली लागली तर तिची पिशवी तुंबलीय. लांब गवताच्या धाग्यांचा बोळा, दुसरा एखादा आजार, किंवा आख्खे दाणे मिळतात पण पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) दळायला खडे नाहीत, अशी कारणं असतात. शिंपला त्या कामाचा नाही, तो विरघळतो. न विरघळणारी बारीक खडी वेगळी ठेवा. पिशवीत अन्न साचून राहिलं की कॅन्डिडा नावाची यीस्ट वाढते, तोंडात पांढरे चट्टे दिसतात का बघा. हे खाद्य बाकीच्यांना मानवतंय म्हणजे मूळ कारण बहुधा ते नाही. पण तिचं तूर्त बंदच ठेवा.

एक हात जोडून विनंती. उलटं धरून ओकवायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी हातातच दगावते. सरळ पशुवैद्यांकडे न्या.

धागाकर्ती

सांगितल्याप्रमाणे वेगळी ठेवली. पहाटे अंधारातच चाचपली, पिशवी तशीच मऊ होती. जिभेच्या मुळाशी पांढरा थर दिसला, म्हणून लगेच पशुवैद्यांकडे नेली. यीस्टचंच निघालं, औषध सुरू आहे. आज पहाटे पहिल्यांदा पिशवी सपाट लागली, आणि तिने हातातून मॅश खाल्ला. फार बरं वाटलं. सगळ्यांसाठी खडीचं भांडंही ठेवलंय.

ग्रोअर मॅश छान आंबतोय, पीएच ४ च्या थोडा वर आहे. शेवटची शंका: आता प्रमाण वाढवायचंय. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची मोठी बादली घरात पडून आहे, ती वापरू का?

प्रतिसाद

नको, आम्लाने जस्त सुटून खाद्यात उतरतं आणि कोंबड्यांना त्याची विषबाधा होते. झाकणाची स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली घ्या. खायला घालायचं भांडंही जस्ताचं असेल तर बदला. आणि उन्हाच्या दिवसांत दोन-तीन तासांत संपेल एवढंच बाहेर काढा, उरलेलं परत बादलीत टाकू नका.