छपरात पॉसम शिरलीये, काय करू?

भिंगरी:
मंडळी, दीड महिन्यापूर्वी मेलबर्नमधे भाड्याच्या घरात राहायला आलोय, जुनं कौलारू घर आहे. रात्री साडेदहा वाजले की सीलिंगवर धाडधाड सुरू, कोणीतरी बूट घालून फिरतंय असं वाटतं. नवऱ्याला म्हटलं उंदीर असेल, तर म्हणे एवढा मोठा उंदीर असेल तर घर त्यालाच देऊन टाकू 😀 काल टॉर्च मारला तर पन्हाळीवर मांजराएवढं जनावर, गुलाबी नाक, झुबकेदार काळी शेपटी आणि पाठीवर पिल्लू! वर घशातून असा खरखर आवाज काढला, जुनी स्कूटर किक मारून मारून चालू होईना ना, तसा. पिंजरा लावून लांब जंगलात सोडून यायचा विचार आहे. पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत हो.

निवांत_नाना:
पिंजऱ्याच्या भानगडीत पडू नका. ही ब्रशटेल पॉसम, म्हणजे पोटाला पिशवी असलेला, झाडांवर राहणारा प्राणी; व्हिक्टोरियात (मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे) कायद्याने संरक्षित आहे, पकडली तरी 50 मीटरच्या आतच सोडावी लागते. आणि लांब नेऊन सोडली तर बहुतेक मरतेच, कारण तिथल्या ढोल्या आधीच दुसऱ्यांनी बळकावलेल्या असतात. शिवाय तुमचं छप्पर रिकामं दिसलं की दुसरी पॉसम हजर, म्हणजे परत पहिले पाढे.
त्यापेक्षा तिला राहायला अंगणातल्या झाडावर उंच लाकडी पेटी बसवा. मग ती छपरात शिरते ते भोक शोधा, कडेला तेलकट डाग आणि केस चिकटलेले दिसतील. अंधार पडल्यावर ती पिल्लासकट बाहेर गेलीये हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच बुजवायचं, पिल्लू आत अडकलं तर आई रात्रभर कौलं उचकटत बसेल. आधी भाड्याच्या घराच्या एजंटला कळवा, माझ्या एजंटने तीन आठवडे मेलला उत्तरच दिलं नव्हतं ते सोडा.

ऑकलंडची_मावशी:
गंमत बघा, इकडे न्यूझीलंडमधे हिलाच मारायला सरकार पैसे खर्च करतं! 1837 मधे फरच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून आणली, आता झाडं ओरबाडते, पक्ष्यांची अंडी खाते, गुरांना टीबी देते. तिच्या केसांत मेरिनो मेंढीची लोकर मिसळून केलेले मोजे मिळतात, एकदम उबदार. आईला पाठवले तर विचारते कुठल्या मेंढीची लोकर गं, अजून खरं सांगितलं नाहीये.

बंड्या७:
मेल्याचं सोंग घेते तीच ना ही?

निवांत_नाना:
नाही रे, ते अमेरिकेतलं ओपॉसम. पिशवी दोघांनाही, पण नातं लांबचं. हिचं पिल्लू सतरा-अठरा दिवसांतच जन्मतं, शेंगदाण्याएवढं, वजन ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढं, डोळे मिटलेले, तरी केसांना धरून एकटं पिशवीपर्यंत चढतं. तिथे चारपाच महिने दूध पीत राहतं, मग आईच्या पाठीवर.
अरे हो भिंगरीताई, तुम्ही दीड महिन्यापूर्वी आलात ना? पिल्लू पाठीवर आलंय म्हणजे ती बहुतेक तुमच्या आधीपासूनच तिथे राहतेय.

भिंगरी:
अय्या खरंच की! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतोय मग अर्धं भाडं तिच्याकडून घेऊ. पेटी शनिवारी बसवतोय, आत सफरचंदाची एक फोड ठेवली तर चालेल का?

निवांत_नाना:
पहिल्या दिवशी एकच. रोज द्यायला लागलात तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसेल.