आखूड केसांच्या कुत्र्याला थंडीत कपडे: हवेत, पण कुठले आणि किती वेळ?

पाषाणची_पहाट

डिसेंबर लागला की पुण्यातल्या आमच्या वेताळ टेकडीवर दरवर्षी हा वाद रंगतो. एक गट म्हणतो, देवाने कातडं दिलंय, कुत्र्याला कपडे कशाला? दुसरा गट दिवाळी संपली की कुत्र्याला हुडी चढवतो, ती संक्रांत झाल्यावरच उतरवतो. मला दोन्ही पटत नाही. माझं मत मांडते, पटलं नाही तर खुशाल खोडून काढा.

आमची राणी डॉबरमन आहे. डॉबरमन, बॉक्सर, ग्रेहाउंड, आपला कारवान या कुत्र्यांचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले असतात. लॅब्रेडॉरचेही केस आखूडच दिसतात, पण वरच्या केसांखाली त्याला दाट, मऊ लव असते आणि त्या लवेत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. डॉबरमनला ही लव जवळजवळ नसतेच, त्यात अंगावर चरबीही कमी. म्हणून केसांच्या लांबीवर जाऊ नका. पाठीवरचे केस बोटाने उलटे फिरवून बघा. लगेच कातडी दिसली तर त्या कुत्र्याला थंडी बोचणार. खाली पिंजलेल्या कापसासारखा थर लागला तर स्वेटरचा खर्च वाचला.

आता पुण्याची थंडी. ती पहाटेची आहे, दिवसाची नाही. जानेवारीत पाषाण, शिवाजीनगर, एनडीए या भागांत पहाटे पारा १० च्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी २८-२९ अंश असतात. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांनाच, उकडलं की अंग थंड करायला त्याला मुख्यतः धापाच टाकाव्या लागतात. अकरा वाजता उन्हात लोकरीचा स्वेटर घालून बसवलेलं कुत्रं बघितलं की माझा जीव कासावीस होतो.

म्हणून माझी पहिली अट: कपडा भर रस्त्यात, एका हाताने काढता आला पाहिजे. डोक्यातून घालायचा, चार बाह्यांचा प्रकार नको. पाठ, छाती आणि पोटाचा पुढचा भाग झाकणारा बिनबाह्यांचा कोट घ्या. आतून फ्लीस म्हणजे मऊ, उबदार कापड, बाहेरून वारा अडवणारं पातळ कापड. विणलेला स्वेटर टेकडीवर तर अजिबात नको. या दिवसांत कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं विणीत घुसतात, चालताना आत सरकतात आणि काखेत जाऊन टोचतात. शिवाय दवाने लोकर ओली झाली की कपडा नसलेला परवडला.

माप छातीचं घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे घेर सगळ्यात मोठा असतो तिथे. मग गळ्याचं, मग मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीचं. दुकानदार फक्त जात विचारून 'लार्ज' हातात देतो, त्यावर विसंबू नका. डॉबरमनची छाती खोल आणि कंबर बारीक असते. पाठीच्या मापाने घेतलेला कोट हिला छातीत आवळतो. कपड्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत.

आणि घरात शिरल्या शिरल्या कोट काढायचा. घरात कपडा नकोच, या मताची मी आहे.

मोकळा_वारा

असहमत. माझ्याकडे कारवान आहे, गावाकडून आणलेला. या जातीने दख्खनच्या माळावर पिढ्यान् पिढ्या काढल्या आहेत, मेंढरांबरोबर, शिकारीमागे. कोणी त्यांना कोट शिवले नाहीत. पहाटे पट्टा सोडला की दहा मिनिटांत त्याचं अंग तापतं. थंडी लागते ती आपल्याला, कारण आपण कठड्यावर बसून चहा पितो.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. कुत्री अंगाने बोलतात. पाठीवरचे केस फुलले की समोरचं कुत्रं ओळखतं की जपून. पाठच झाकली तर त्याला काय कळणार? टेकडीवर भांडण लागतं ते अशाने. आणि धावताना कोटाचा पट्टा झुडपात अडकला तर पाय मुरगळायला वेळ लागत नाही. थरथरतंय म्हणजे थंडीच वाजतेय असंही नाही, भीतीने आणि उत्साहानेही कुत्रं थरथरतं.

पाषाणची_पहाट

धावणाऱ्या कुत्र्याला कोट नको हे मला मान्यच आहे. पट्टा सोडायच्या आधी मीही कोट काढूनच ठेवते. पण पुण्यात मोकळं धावायला मिळणारी कुत्री किती? बहुतेकांचं फिरणं म्हणजे पट्ट्याला बांधून सोसायटीभोवती चकरा आणि दर खांबापाशी थांबा. त्यात अंग तापत नाही.

माळाचं म्हणाल तर कारवानाच्या मुलखातली, सोलापूर-विजापूरकडची पहाट सरासरी आपल्या पाषाणच्या पहाटेपेक्षा उबदार असते. आणि तुमचा कारवान रात्री माळावर झोपत नाही, थंडगार फरशीवर झोपतो.

थरथरण्याचं बरोबर आहे, म्हणून एकट्या त्यावर जाऊ नये. शेपूट पोटाखाली घेतलेली, पाठीला बाक, एक पंजा सारखा वर उचलणं, चालता चालता घराकडे वळणं हे एकत्र दिसलं की ती बहुधा थंडीच.

पूर्वेचा_पग

तुम्ही 'पुण्याची थंडी' म्हणताय ती अर्ध्या पुण्याची आहे. आम्ही पूर्वेला, हडपसरच्या मगरपट्ट्यात राहतो. ज्या दिवशी पाषाण ९ असतं, त्या दिवशी आमच्याकडे १३-१४ असतं. वेधशाळेचे आकडे बघा. वडगाव शेरी, कोरेगाव पार्क, मगरपट्टा कायम वरच्या बाजूला.

आमच्याकडे पग आहे. केस आखूड, पण नाक चपटं. त्याला धापा टाकून अंग थंड करणं मुळातच जड जातं. छातीभोवती घट्ट कपडा चढवला की घुरघुर वाढते. बुलडॉग, पग यांच्या बाबतीत मी थेट 'नको' म्हणेन. पाषाणचा नियम हडपसरला लावू नका.

पाषाणची_पहाट

हे रास्त आहे. रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात उतरते, त्यामुळे वेताळ टेकडीच्या माथ्यापेक्षा खाली नाल्यालगत जास्त गारठा असतो. राणी खालच्या वळणावर अंग चोरते आणि वर आल्यावर मोकळी होते, हे मी रोज बघते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल पूर्ण सहमत.

सुई_दोरा

मी घरी कुत्र्यांचे कोट शिवते, म्हणून मधे बोलते. ताई, बाकी सगळं ठीक, पण 'एका हाताने काढता यावा' म्हणून लोक वेल्क्रो मागतात आणि तिथेच फसतात. वेल्क्रोत केस आणि तुम्ही म्हणता ती कुसळं भरतात, दोन धुण्यांत पकड जाते. शिवाय ओढताना जो चर्रर्र आवाज येतो त्याला कित्येक कुत्री बिचकतात. बॅगेला असते तशी प्लास्टिकची क्लिप लावा. बटणं नकोत, चावून गिळतात.

क्लिपची जागा बरगडीच्या बाजूला ठेवा, काखेत नाही. काखेतली कातडी फार पातळ, तिथेच घासून लाल होतं. आधी जुन्या चादरीचा नमुना कापून कुत्र्याला घालून घरात चालवा, बसवा, वाकून पाणी प्यायला लावा. बसल्यावर कोट गळ्याकडे सरकला तर गळा मोठा झालाय.

मोकळा_वारा

हे वाचून तर वाटतं, चार महिन्यांच्या लग्नसराईइतकी तयारी लागते. एवढ्या अटी पाळणारे किती? बाकीचे दिसेल तो स्वेटर चढवतात आणि कुत्रं सहन करतं. म्हणून सरसकट सल्ला द्यायचा तर 'नको' हाच सुरक्षित. त्याऐवजी झोपायच्या जागेकडे लक्ष द्या. शहाबादी किंवा टाइल्सची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. खाली गोणपाट, त्यावर जुनी गोधडी आणि दारातल्या वाऱ्यापासून लांब कोपरा. यात कोणाचं नुकसान होत नाही.

संधिवात_आणि_शेरू

मोकळा_वारा, गोधडीचं सोळा आणे खरं. पण तुमचा कारवान तरुण दिसतोय. माझा शेरू म्हातारा बॉक्सर आहे, मागच्या सांध्यांना संधिवात. थंडीत सकाळी उठताना त्याचे मागचे पाय धरतात, दोनदा प्रयत्न करून उभा राहतो. रात्री तो गोधडीवरून सरकून फरशीवर येतो, कारण म्हातारं कुत्रं कूस बदलतं आणि परत अंथरूण शोधायचे कष्ट घेत नाही. त्याला मी रात्री घरातसुद्धा पातळ सुती अस्तराचा कोट घालतो, कंबर झाकणारा. सकाळी फरक दिसतो. तेव्हा 'घरात नकोच' हे मत मला मान्य नाही. म्हातारी, आजारातून उठलेली, फार बारीक झालेली कुत्री आणि लहान पिल्लं यांचा हिशोब वेगळा धरा. डॉक्टरांना विचारून ठरवा, पण दार बंद करू नका.

पाषाणची_पहाट

शेरूसाठी तुम्ही करताय ते योग्यच. माझा आक्षेप चोवीस तासांच्या कपड्याला आहे, आणि त्याचं कारण गोचीड. आपल्याकडे घरात शिरणारी तपकिरी गोचीड थंडीतही पूर्ण जात नाही. मान, काख, कानामागे ती कपड्याच्या आडोशाला आरामात बसते आणि कोणी बघत नाही. टिक फीवर किती वाईट, ते ज्याने प्लेटलेट्सचे रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्यात रात्र काढलीय त्यालाच माहीत. रात्री घालत असाल तर सकाळी काढून, हात फिरवून, रोज अंग तपासा आणि कोट वाळत टाका.

गल्लीतली_ताई

मला वेगळं विचारायचंय. आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत आम्ही काही जण सात-आठ भटक्या कुत्र्यांना खाऊ घालतो. यंदा सगळ्यांना स्वेटर घ्यायचे ठरलेत, वर्गणीही जमलीय. रस्त्यावर तिबेटी लोकांचे स्टॉल लागलेत, तिथून लहान मुलांचे स्वेटर घेऊन बाह्या कापायच्या. चालेल ना?

पाषाणची_पहाट

कळकळीने सांगते, नको. तो स्वेटर रात्री काढणार कोण? गल्लीतलं कुत्रं पाण्यात बसतं, गाडीखाली शिरतं, तारेत अडकतं, भांडतं. ओला स्वेटर पहाटेपर्यंत अंगावर राहिला तर उघड्या अंगापेक्षा जास्त गारठा देतो. शिवाय पिल्लू वाढत जातं आणि गळ्यापाशी स्वेटर आवळत जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच वर्गणीत जाड गोणपाट घ्या, आडोशाला पुठ्ठ्याच्या खोक्यांवर घाला, ओलं झालं की बदला. आणि रात्रीचं खाणं थोडं वाढवा, थंडीत अंग गरम ठेवायला ते खर्ची पडतं.

संधिवात_आणि_शेरू

सरसकट नाही म्हणू नका. आमच्या चौकात खरूज झालेली, अंगावर केसच न उरलेली एक कुत्री होती. तिला रोज संध्याकाळी स्वेटर घालून सकाळी काढणारी एक मावशी होती, म्हणून ती थंडी पार पडली. काढणारा माणूस नक्की असेल तर एखाद्या कुत्र्याला घालायला हरकत नाही. आठ जणांना मात्र नको.

गल्लीतली_ताई

ठीक. गोणपाटांचं मंडईत विचारते. आमच्याकडे एक अगदी म्हातारा लाल्या आहे, रोज आमच्या जिन्याखालीच झोपतो. त्याच्यापुरता कोट सुई_दोरा शिवून देतील का?

सुई_दोरा

देते, कापडाचे पैसेही नकोत. छातीचा घेर, गळा आणि पाठ, तिन्ही मापं सुतळीने घ्या आणि सुतळी पट्टीवर मोजून कळवा. मापाची फीत बघून भटकी कुत्री बुजतात, सुतळीला बुजत नाहीत. लाल्या नर आहे, तेव्हा पोटाखालचा भाग कुठपर्यंत आणायचा तेही मोजा, नाहीतर लघवीने रोज भिजेल. पुढच्या पायांपासून तिथपर्यंतचं अंतर लिहा, मी त्याच्या चार बोटं अलीकडे थांबवते.

मोकळा_वारा

लाल्याला घाला. माझ्या कारवानाला मात्र नाही.