विषय: जानेवारीत साताऱ्याला कोण कोण असणार? (फावडं धरायचंय)

प्रेषक: कोरेगावकर

मंडळी, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या मेल-यादीवर दिवाळीच्या तिकिटांच्या चर्चेत मध्येच घुसतोय, माफी असावी.

दोन वर्षं झाली, मी इथं सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन या डोंगरवाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या कामाला अधूनमधून जातो. शनिवारी सकाळी साडेआठला डोंगराच्या पायथ्याशी जमायचं, डोक्यावर हेल्मेट, हातात कुदळ, दुपारी साडेतीनला सुट्टी. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं, लाकडी पूलबिल बांधायला मिळेल. मिळाला एक बुजलेला चर. दिवसभर त्यातला चिखल उपसला. पाच वेळा गेलं की आपलं नाव घातलेलं हेल्मेट देतात. माझं गॅरेजमध्ये टांगलंय. घरामागचं गवत वाढलं की बायको त्याच्याकडं बोट दाखवते.

मे महिन्यात गावी गेलो होतो. आमच्या डोंगरावर मारुतीचं देऊळ आहे. लहानपणी आजीबरोबर नारळ घेऊन ज्या वाटेनं वर जायचो, तिची काही ठिकाणी कंबरभर घळ झालीय. घळीतून चालता येत नाही म्हणून लोक कडेनं चालतात, मग तीही वाट खचते, की आणखी एक. एका वळणावर मी चार समांतर वाटा मोजल्या.

तर बेत असा: २६ डिसेंबर ते १० जानेवारीदरम्यान साताऱ्याकडं असणाऱ्यांनी दोन दिवस द्यायचे. बाकीच्यांनी थोडी वर्गणी काढावी, त्यातून खराब टप्प्यावर सिमेंटच्या पायऱ्या होतील. पायथ्याला मंडळाच्या नावाची छोटी पाटी. कोण कोण तयार?

प्रेषक: अण्णा (मुक्काम सातारा)

पोरा, विचार चांगला आहे. पण पैसे पाठवू नका, आणि पाटी तर अजिबात नको.

मला परत येऊन सात वर्षं झाली. यादीवर अजून आहे ते तुमच्या उकडीच्या मोदकांच्या भांडणांसाठी. पण हा विषय माझा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

सिअ‍ॅटल शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सातारा शहरातही साधारण तेवढाच. मी तिकडं अठरा वर्षं काढली आणि हे इकडं आल्यावर कळलं! तुमच्याकडं तो महिनोन्‌महिने भुरभुरतो, आमच्याकडं बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. कोरेगावकडं त्याहून कमी, आणि तू म्हणशील मग काळजी कसली. अरे, मे महिन्यात गवत वाळून, नाहीतर वणव्यात जळून गेलेलं असतं, डोंगर उघडा असतो, आणि त्यावर वळीव येतो. तासाभराच्या सरीत जेवढी माती जाते तेवढी महिनाभराच्या भुरभुरीत जात नाही.

वाट माणसांच्या पायांनी बिघडते असं सगळ्यांना वाटतं. पायांनी ती फक्त दबते, मधोमध खोलगट होते. त्या पन्हाळीतून पाणी धावायला लागलं की पुढचं काम पाणी करतं. सरळ उभ्या चढाच्या वाटेवर सगळ्यात जास्त. अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याची वळणं तोडून वर गेलेले शॉर्टकट आठव, पोटरीएवढे खोल झालेत. फिरायला जाणाऱ्यांची पाच मिनिटं वाचतात खरी.

आता पायऱ्या. शेजारच्या एका डोंगरावर कुणा ठेकेदारानं केल्या आहेत, जाऊन बघ. पायरी उंच, म्हणून म्हातारी माणसं पायरीच्या कडेनं मातीतून चालतात. पाणीही तिथूनच जातं. दोन पावसाळ्यांत कडेची माती गेली आणि पायऱ्या खालून पोकळ झाल्या. आता तिथं पायऱ्याही धोक्याच्या आणि वाटही नाही.

पायऱ्यांच्या ऐवजी चर हवेत. वाटेवर तिरके, काटकोनात नाही. काटकोनातला चर पाणी थांबवतो, गाळानं भरतो आणि पहिल्या मोठ्या सरीत फुटतो. तिरका चर पाण्याला खालच्या अंगाला काढून देतो. जिथं पाणी बाहेर पडेल तिथं चार दगड टाकायचे, म्हणजे नवी घळ पडणार नाही.

आपल्या भागात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतीभिंतीवर लिहिलेलं आहे. वाटेवर नेमकं उलटं करायचं. तिथं पाणी अडलं की वाट गेली.

प्रेषक: काकू, बेलव्ह्यू

अण्णांचं पत्र वाचून बरं वाटलं. माझं माहेर वाईकडचं, त्यामुळं मला बोलायचा अधिकार आहे.

ती वाट फक्त देवाला जाणाऱ्यांची किंवा ट्रेकवाल्यांची नसते रे. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बायका त्याच वाटेनं उतरतात. भारा दोन्ही बाजूंना हातभर बाहेर असतो आणि डोक्याच्या वर तेवढाच. तुम्ही आपल्या उंचीला बेतून फांद्या छाटाल आणि तिला वाकावं लागेल. इथं जिथून घोडेस्वार जातात त्या वाटेवर दहा फूट मोकळं ठेवतात म्हणे. तसाच हिशेब तिच्यासाठी करा. आणि चर एवढा खोल नको की भाऱ्याखालून न दिसता पाय मुरगळेल.

मी येणार नाही, माझे गुडघे आता विमानातच जेमतेम वाकतात. पण भावजयीला सांगून दोन दिवसांच्या पिठलं-भाकरीचं बघते. माणसं किती ते आधी कळवा. ऐनवेळी ‘काकू, अजून सहाजण’ चालणार नाही.

प्रेषक: कोरेगावकर

पाटी रद्द. पायऱ्या रद्द. वर्गणीही रद्द (खजिनदार खूश).

काकू, भाऱ्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आजी उतरताना माझ्या पुढंच असायची, तरीही.

अण्णा, दोन प्रश्न. परवानगी कुणाची? आणि चराचा उतार मोजायचा कसा? इथं त्यासाठी डोळ्याला लावायचं एक यंत्र असतं, ते आणू का?

प्रेषक: अण्णा

यंत्र राहू दे. २०१६ साली पहिला वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, तुमच्याच कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं जिंकला. त्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडच्या कितीतरी पोरांनी तीन काठ्या बांधून, मधे दोरीला दगड लटकवून ए-फ्रेम केली आणि डोंगरावर समतल चर आखले. तुझ्या चुलतभावाला विचार, त्याच्या माळ्यावर ती अजून असेल. त्याला फक्त एवढं सांग की या वेळी चर समतल नको, खालच्या अंगाला थोडा कलता हवा.

परवानगीचं: खालचा टप्पा गायरानात आहे की कुणाच्या सातबाऱ्यावर, ते तलाठ्याकडं कळेल. वरचा बहुधा वनखात्याचा. तिथं वनरक्षकाला भेटल्याशिवाय दगडही हलवायचा नाही. मी पुढच्या आठवड्यात जातो. त्यांची जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढायची कामं त्याच सुमाराला असतात, एक दिवस तिकडं हात लावलात तर बोलणं सोपं जाईल.

खरं तर हे काम दिवाळीनंतर लगेच करायचं, जमिनीत ओल असते. जानेवारीत मुरूम दगडासारखा झालेला असणार. फावड्यानं काही होणार नाही, पहार लागेल आणि हाताला फोड येतील. आलं तर आलं.

पण माझी अडचण वेगळीच आहे. तुम्ही दोन दिवसांत वीस चर काढाल, फोटो काढाल, जाल. जुलैत पहिल्या पंधरवड्यात ते गाळानं भरतील. ते कोण उपसणार?

प्रेषक: कोरेगावकर

काल रात्री चुलतभावाशी फोनवर बोललो. ए-फ्रेम माळ्यावर नाही, तिच्या काठ्यांवर आता दोडक्याचा वेल आहे. नवी बांधतो म्हणाला.

उपसायचं विचारलं तर हसला. दर शनिवारी मारुतीला दहा-पंधरा जण जातातच म्हणे, श्रावणातल्या शनिवारी तर रांग असते. तेलाची बाटली न्यायची तसं एकेकानं खुरपं न्यायचं, जाताना एक चर मोकळा करायचा. पुजारीबुवांना तो विचारणार आहे. बुवांनी सांगितलं तर लोक ऐकतील, आपण सांगितलं तर ‘अमेरिकेचा आला शहाणा’ होईल.

म्हणून मोठा आकडा नको. वीस नाही, नऊच चर काढू, सगळ्यात वाईट टप्प्यावर. नऊ खुरपी कोरेगावच्या बाजारातून घेऊ.

आतापर्यंत नावं: मी, माझी मोठी मुलगी, केंटचे दोघे, गावाकडचे सहा. काकू, दहा जण धरा.

प्रेषक: काकू, बेलव्ह्यू

बारा धरते. अण्णा आणि वनरक्षक जेवल्याशिवाय जाणार आहेत का?