विधानसभेच्या उमेदवाराची ओळख लिहायचीय, खरी माहिती कुठून घ्यावी?

सेक्टर_आठ_ऐरोली:
सोसायटीच्या वार्तापत्रात ऐरोलीतल्या उमेदवारांची एकेक पान ओळख द्यायची आहे: शिक्षण, कामधंदा, राजकारणात कसे आले, आधीची पदं. प्रचारपत्रकात ‘२५ वर्षे अखंड जनसेवा’ यापलीकडे काही नसतं. कुणावर अन्याय होऊ नये आणि नोटीसही येऊ नये, असं कसं लिहायचं?

बेलापूरकर:
पत्रक बाजूला ठेवा, प्रतिज्ञापत्र काढा. उमेदवारी अर्जासोबतचा ‘नमुना २६’ निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेला मिळतो. मतदारसंघ क्रमांक ऐरोलीचा १५०, शेजारच्या बेलापूरचा १५१. एक उमेदवार एका मतदारसंघात चार अर्ज भरू शकतो, म्हणून एकाच नावापुढे तीन-चार प्रती दिसल्या तर गोंधळू नका. छाननीत वैध ठरलेल्या अर्जासोबतची घ्या. नामसाधर्म्याचे अपक्षही असतात, वडिलांचं नाव आणि फोटो जुळवा.

शिक्षणाच्या रकान्यात संस्था आणि वर्ष असतं. २०१४, २०१९ आणि २०२४ ची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवलीत की कोणी मधल्या काळात पदवी घेतली, कोणाचा व्यवसाय ‘नोकरी’वरून ‘बांधकाम’ झाला, हे आपोआप कळतं. मालमत्तेचा बाजारभाव मात्र उमेदवाराने स्वतः अंदाजाने लिहिलेला असतो, त्यावरून ‘इतक्या पटीने वाढली’ असा मथळा देऊ नका. खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत वेगळी दिलेली असते, ती पाहा.

गुन्ह्यांचा भाग सर्वात जास्त चुकीचा वाचला जातो. गुन्हा दाखल, आरोपनिश्चिती आणि शिक्षा या तीन वेगळ्या पायऱ्या. भादंवि (भारतीय दंड विधान, जुलै २०२४ पर्यंत लागू असलेला कायदा) १४३, १८८ किंवा पोलीस अधिनियम ३७(१)(३) सह १३५ दिसलं तर बहुधा मोर्चा-आंदोलनाचं प्रकरण. भादंवि ३५३ (सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवण्यासाठी हल्ला) आंदोलनातही लागतं आणि एरवीही, तिथे एफआयआर वाचल्याशिवाय मत बनवू नका. ‘७ गुन्हे’ एवढंच छापणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

कळवा_नाका:
बेलापूरकरांनी कागद सांगितला, पण राजकारणातला प्रवास त्यात नसतो. आपल्या पट्ट्यात तो बहुतेकदा महापालिकेतून जातो. एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाण्यात नगरसेवक, पुढे सभागृह नेते आणि २००४ ला आमदार, हा नेहमीचा जिना. म्हणून महासभेचं इतिवृत्त मागवा. माहिती अधिकाराचा अर्ज महापालिका सचिव कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, फी १० रुपये, प्रतीला पानी २ रुपये, मुदत ३० दिवस. ‘अमुक नगरसेवकाने काय काम केलं’ असं विचारलंत तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी मागा: ‘अमुक ते अमुक काळातील महासभांचे हजेरीपट आणि संबंधित सदस्याने मांडलेल्या प्रस्ताव व लक्षवेधींच्या प्रती’.

आणि तारखा तपासा! नवी मुंबईत मे २०२० पासून, ठाण्यात मार्च २०२२ पासून बराच काळ नगरसेवकांऐवजी प्रशासक होते. त्या काळातल्या गटारावर आणि पदपथावर ‘नगरसेवक म्हणून केलेलं काम’ असा फलक दिसला तर तो माजी नगरसेवकाचा पाठपुरावा असू शकतो, मंजुरी प्रशासकाची.

दिघा_लोकल:
नोटिशीचं: प्रत्येक वाक्याला ‘प्रतिज्ञापत्रानुसार’ आणि निवडणुकीचं वर्ष जोडा. घरचा पत्ता, पॅन आणि फोन त्यात असले तरी छापू नका. छापण्याआधी मजकूर उमेदवाराच्या कार्यालयाला दाखवा, खुलासा आला तर सोबत घ्या.

सेक्टर_आठ_ऐरोली:
धन्यवाद. एका उमेदवाराचं मतदार यादीतलं नाव ऐरोलीत नाहीच. अर्ज बाद व्हायला हवा ना?

बेलापूरकर:
नाही हो. विधानसभेला वय २५ पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात मतदार असणं पुरेसं. यादीभाग आणि अनुक्रमांक प्रतिज्ञापत्रातच असतो, तो जसाच्या तसा लिहा. ‘बाहेरचा’ म्हणायचं की नाही, ते वाचकांवर सोडा.